नजरा आणि हात

दार उघडतं आणि साठीची एक बाई आत येते. ठेंगणी, अंगावर गडद कोट, चेहऱ्यावर संकोच. बाहेर पाऊस आहे म्हणून ती आत शिरली आहे. शिवाय घरी जाताना या बारमधून ऐकू येणारं परक्या मुलखातलं गाणं तिला रोज खुणावत आलं आहे. दाराजवळचंच टेबल धरून ती बसते. समोर मोकळी फरशी, पलीकडे काउंटर आणि काउंटरपाशी उभे असलेले काही अरब पुरुष आणि एक-दोन जर्मन बायका. सगळे तिच्याकडे पाहताहेत. कुणी बोलत नाही, कुणी हलत नाही. एरवी सिनेमात असा शॉट क्षणभर येतो आणि जातो. लोक पाहताहेत एवढं आपल्याला कळतं आणि गोष्ट पुढे सरकते. इथे तो शॉट सरकतच नाही. तो इतका रेंगाळतो की आपणही त्या घोळक्यातलेच एक होऊन तिच्याकडे टक लावून बघतो आहोत, हे ध्यानात येतं आणि अवघडायला होतं.

राइनर व्हर्नर फासबिंडरच्या ‘आंग्स्ट एसेन झेले आउफ’ची ही सुरुवात. १९७४ सालचा हा चित्रपट जगभर ‘अली: फिअर इट्स द सोल’ या इंग्रजी नावाने ओळखला जातो. त्या वर्षी कान महोत्सवात त्याला आंतरराष्ट्रीय समीक्षक संघटनेचा पुरस्कार मिळाला. युरोपात पोटासाठी आलेल्या माणसांवर आणि त्यांच्या एकटेपणावर पुढे पुष्कळ चांगले चित्रपट झाले. पण बेल्जियमच्या दार्देन बंधूंचे, फिनलंडच्या आकी कौरिस्माकीचे चित्रपट पाहतानाही मला पुन्हा पुन्हा या म्युनिकच्या बारकडे परतावंसं वाटतं. याचं कारण त्याच्या विषयापेक्षा त्याच्या रचनेत आहे. या चित्रपटात माणसं एकमेकांशी मुख्यतः दोन गोष्टी करतात: पाहतात किंवा हात लावतात. पाहणारे पुष्कळ आहेत. हात लावणारे आरंभी दोघंच. आणि उत्तरार्धात एक वेळ अशी येते की हात लावणं हेही निव्वळ पाहणं होऊन बसतं. ही सगळी वाटचाल फासबिंडरने फारसं काही बोलून न दाखवता, माणसं कुठे उभी केली आणि कॅमेरा किती लांब ठेवला यातून घडवली आहे.

बारमधली एक बाई अलीला डिवचते, जा की, नाच त्या म्हातारीबरोबर. अली मोरोक्कोचा, तिच्याहून वीसेक वर्षांनी लहान, मोटारींच्या गॅरेजात काम करणारा. तो काउंटर सोडतो, ती मोकळी फरशी ओलांडतो आणि तिच्यासमोर उभा राहून विचारतो. थट्टा म्हणून सोडलेला माणूस थट्टा करत नाही, त्याच्या चेहऱ्यावर तिचा मागमूसही नसतो. ती बाई, एमी, कोट काढून ठेवते. दोघं नाचतात, म्हणजे जेमतेम पावलं हलवतात आणि बोलतात. त्याचा मोठा हात तिच्या पाठीवर आहे. काउंटरची मंडळी अजून तशीच उभी आहेत. पाहिल्या जाण्याच्या अगदी मधोमध एक स्पर्श घडतो आहे. पुढचा अख्खा चित्रपट या एका मांडणीत आहे असं म्हणता येईल.

एमी साफसफाईची कामं करणारी विधवा आहे. आपण काय काम करतो हे ती सहसा कुणाला सांगत नाही, लोक तोंडं वाकडी करतात म्हणून. अलीला मात्र सांगून टाकते. मुलं मोठी झाली, आपापल्या संसारात रमली. अलीला तिच्या या एकटेपणाचं वर्णन ऐकावं लागत नाही. ते त्याच्या ओळखीचं आहे. तो तिला घरापर्यंत सोडायला येतो आणि जिन्यातच शेजारीण जाळीच्या आडून त्यांना पाहते. लगेच दुसऱ्या शेजारणीला खबर जाते. एमीच्या पोलिश आडनावावरून तिचं स्वतःचं जर्मनपणही या बायकांना पुरेसं पक्कं वाटत नाही.

वरच्या मजल्यावर, स्वयंपाकघरात बसून, एमी त्याला त्याचं नाव विचारते. अली हे त्याचं खरं नाव नाही. सगळे अलीच म्हणतात, म्हणून तो अली झाला. खरं नाव लांबलचक आहे, एल हेदी बेन सालेमने सुरू होणारं, आणि ते खुद्द त्या नटाचंच नाव आहे. तो सांगतो की एका खोलीत ते सहाजण राहतात. गिरणगावातल्या खोल्यांमध्ये आळीपाळीने झोपणाऱ्या कोकणी चाकरमान्यांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला हा तपशील उलगडून सांगावा लागत नाही. शेवटची ट्राम निघून गेलेली असते. एमी त्याची दुसऱ्या खोलीत झोपायची व्यवस्था करते. त्याला झोप येत नाही. तो तिच्या खोलीत येतो, बोलायचं आहे म्हणतो आणि पलंगाच्या कडेला बसतो. बोलता बोलता तिच्या दंडावरून हात फिरवत राहतो. हा हात घाईत नाही. कॅमेराही लगबग करत नाही. संगीत नाही, चेहऱ्यांवर विशेष प्रकाश नाही. इतक्या साध्या हालचालीने एका प्रेमकथेची सुरुवात झालेली मी फार थोड्या चित्रपटांत पाहिली आहे. आणि यानंतरचा प्रत्येक स्पर्श आपण नकळत या हाताशी ताडून बघतो, इतकी त्याची छाप पक्की बसते.

सकाळी एमी म्हणते, मला भीती वाटते. तेव्हा अली आपल्या मोडक्या जर्मनमध्ये जे उत्तर देतो तेच चित्रपटाचं नाव आहे: भीती आत्मा खाऊन टाकते. व्याकरणाच्या ज्या चुका तो करतो त्या फासबिंडरने शीर्षकात तशाच ठेवल्या. पोस्टरवरही चित्रपट अलीच्या भाषेत बोलतो.

ही भीती कुठून आली, हे कळायला त्या काळाकडे थोडं पाहावं लागतं. युद्धानंतर पश्चिम जर्मनीचे कारखाने भरभराटीला आले आणि हात कमी पडू लागले. १९५५ साली इटलीशी करार झाला, मग स्पेन आणि ग्रीसशी, १९६१ मध्ये तुर्कस्तानशी, १९६३ मध्ये मोरोक्कोशी. आलेल्यांना ‘पाहुणे कामगार’ म्हटलं गेलं. पाहुणा म्हणजे परत जाणारा, असं त्यात गृहीत होतं. सप्टेंबर १९७२ मध्ये म्युनिक ऑलिम्पिकच्या वेळी पॅलेस्टिनी बंदूकधाऱ्यांनी इस्रायली खेळाडूंना ओलीस धरलं, अकरा जण मारले गेले, आणि त्या शहरात अरब चेहऱ्याकडे पाहण्याची रीतच बदलली. बरोबर वर्षाने, सप्टेंबर १९७३ मध्ये, त्याच शहरात फासबिंडरने दोन आठवड्यांच्या आसपास हा चित्रपट उरकला. दोन मोठ्या चित्रपटांच्या मधल्या फटीत केलेलं हे काम. त्यानंतर दोनच महिन्यांनी, तेलसंकटाच्या सावटात, जर्मन सरकारने बाहेरून कामगार आणणं बंद केलं. तेव्हा अली आणि त्याचे मित्र जिन्यावरून चढताना शेजारणींच्या डोळ्यांत जे दिसतं, त्यात त्या शहराचं अगदी ताजं वर्ष साठलेलं आहे.

एमी मुलीकडे जाते आणि सांगते की मी प्रेमात पडले आहे, एका मोरोक्कन माणसाच्या. मुलगी आणि जावई हसतात. जावई ऑयगेन हा आळशी, बायकोवर खेकसणारा, कामावरच्या तुर्की मुकादमाच्या नावाने बोटं मोडणारा माणूस आहे, आणि त्याची भूमिका खुद्द फासबिंडरने केली आहे. पडद्याबाहेर फासबिंडर आणि सालेम यांचं प्रेमाचं नातं होतं. पॅरिसमध्ये त्यांची गाठ पडली होती. ज्याच्यावर आपलं प्रेम आहे त्याच्याबद्दल तिरस्काराने बोलणाऱ्या माणसाचं सोंग दिग्दर्शकाने स्वतःच्या अंगावर घेतलं. द्वेष करणारे कुणी दुसरेच असतात ही पळवाट त्याने स्वतःपुरती तरी बंद करून टाकली होती.

घरमालकाचा मुलगा येऊन सांगतो की पोटभाडेकरू ठेवायला परवानगी नाही. एमी पटकन म्हणून जाते, हा पोटभाडेकरू नाही, आम्ही लग्न करणार आहोत. तोंडून निघून गेलेलं हे वाक्य अलीला आवडतं आणि दोघं खरोखर लग्न करतात. लग्नानंतर एमी त्याला एका महागड्या रेस्टॉरंटमध्ये नेते, कारण तिला आयुष्यभर तिथे एकदा जेवायचं होतं. का, तर हिटलर तिथे जेवायला येत असे. ती हे अगदी निरागसपणे सांगते. आपण नाझी पक्षात होतो, सगळेच होते, हेही तिने आधी तितक्याच सहजतेने सांगितलेलं असतं. तिचा नवरा पोलिश होता, युद्धाच्या काळात मजुरीसाठी आणला गेलेला आणि इथेच राहिलेला. तिच्या वडिलांना परके लोक आवडत नसत. एवढा सगळा इतिहास या बाईच्या पोटात एकत्र नांदतो आहे आणि त्यातलं काहीही तिला दुसऱ्याशी विसंगत वाटत नाही. मला एमी खरी वाटते ती इथे. प्रेमाने ती शहाणी झालेली नाही, फक्त तिचं दार उघडलं आहे. तिच्या आत जे होतं ते तसंच आहे, आणि पुढे ते वर येणार आहे.

एमीचं काम करणाऱ्या ब्रिगिटे मीराची हकीकत इथे सांगायलाच हवी. तिचा जन्म १९१० चा, ऑपेरेटा आणि कॅबरेमध्ये हयात गेलेली नटी. वडील रशियातून आलेले ज्यू पियानोवादक. नाझी राजवटीत हे लपवून तिला जगावं लागलं, आणि त्याच काळात ती सरकारी प्रचारपटांतही दिसली. ही बाई जेव्हा एमी म्हणून हिटलरच्या आवडत्या रेस्टॉरंटबद्दल कौतुकाने बोलते, तेव्हा तिच्या आवाजात निषेधाचा एकही सूर लागत नाही. भूमिकेवर शेरा न मारता ती भूमिका करते. या कामासाठी तिला जर्मनीचा राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार मिळाला.

त्या रेस्टॉरंटात कॅमेरा दाराबाहेर राहतो. दाराच्या चौकटीतून दोघं खूप लांब, खूप लहान दिसतात, भोवती रिकामी टेबलं. वेटर स्टेक किती भाजायचा ते विचारतो आणि एमी गोंधळते. चौकटीत चौकट ही फासबिंडरची सवय इथे पुष्कळ वेळा दिसते: दारं, खिडक्या, जिन्याचे कठडे. छायाचित्रकार युर्गेन युर्गेसने या चौकटी अशा धरल्या आहेत की माणसं नेहमी कुठल्या तरी आडोशामागून दिसावीत. घर असो, दुकान असो, कामाची जागा असो, मधे काहीतरी असतंच.

मग एमी मुलांना बोलावून नवरा दाखवते. तिन्ही मुलं आणि जावई ओळीने बसले आहेत. कॅमेरा एकेका चेहऱ्यावरून सावकाश सरकतो. कुणी ब्र काढत नाही. मग त्यांतला एक मुलगा, ब्रुनो, उठतो आणि लाथ मारून आईचा टीव्ही फोडतो. पुढे अपशब्द येतात, संबंध तोडल्याची भाषा येते, पण आघात करून जाते ती लाथ. फासबिंडरने ही चाल डग्लस सर्कच्या ‘ऑल दॅट हेवन अलाउज’ (१९५५) या अमेरिकी चित्रपटावरून घेतली. तिथे श्रीमंत विधवेचं माळ्यावर प्रेम बसतं, मुलं लग्न मोडायला लावतात आणि सोबत म्हणून आईला टीव्ही आणून देतात. बंद पडद्याच्या काचेत तिचा चेहरा दिसतो. सर्कवर फासबिंडरची भक्ती होती, १९७१ मध्ये त्याने त्याच्यावर मोठा लेखही लिहिला होता. पण तो नक्कल करत नाही. सर्कच्या गावातली मुलं सभ्य आहेत, भेट देऊन कोंडून घालतात. म्युनिकच्या या कामगारवस्तीत तोच टीव्ही मोडला जातो. वर्ग बदलला की क्रौर्याची रीत बदलते, हे एवढ्याशा फरकातून दिसतं.

आता सगळं शहर त्यांच्यावर उलटतं. कोपऱ्यावरचा वाणी अलीने मागितलेलं मार्गारीन समजत नसल्याचं सोंग करतो. शेजारणी पोलिसांना बोलावतात. पोलीस मात्र सभ्यपणे बोलून निघून जातात. कामावरच्या बायका जेवणाच्या सुट्टीत जिन्यात एकत्र बसत असत, त्या आता एमीपासून दूर बसतात. जिन्याच्या कठड्याच्या उभ्या गजांमधून एकटी एमी आपल्याला दिसते. हा शॉट लक्षात ठेवावा असा आहे, कारण तो परत येणार आहे.

आणि मग पिवळ्या खुर्च्या. बागेतलं उघड्यावरचं कॅफे, नुकत्याच पडून गेलेल्या पावसाने ओलं. शेकडो वाटाव्यात इतक्या पिवळ्या खुर्च्या मांडलेल्या आणि त्यांच्या मधोमध दोघं. बाकी सगळं रिकामं. लांब दारापाशी कर्मचारी उभे राहून बघताहेत, वाढायला कुणी येत नाही. एमीचा बांध फुटतो. बघणाऱ्यांना ती ओरडून शिव्या देते, हा माझा नवरा आहे म्हणून सांगते आणि टेबलावर डोकं ठेवून रडते. जगात आपण दोघंच असावं, भोवती कुणी नसावं, असं कधी कधी वाटतं, असं तिने नुकतंच म्हटलेलं असतं. फासबिंडरने तिची ती इच्छा दृश्यात जणू पुरी करून दाखवली आहे. भोवती कुणी नाही. तरी नजरा आहेतच. अली तिच्यावरून हात फिरवत राहतो. पहिल्या रात्रीचा तोच हात. पूर्वार्धातला हा शेवटचा निखळ स्पर्श. रडता रडता एमी म्हणते, आपण सुट्टीवर जाऊ या, परत येऊ तेव्हा सगळे चांगले वागतील.

दुसरा कुणी दिग्दर्शक असता तर ही आशा खोटी ठरवून त्याने शोकांतिका पूर्ण केली असती. फासबिंडरच्या चित्रपटात ती खरी ठरते, आणि या चित्रपटाचं मोठेपण मला इथे दिसतं. दोघं सुट्टीवरून परततात आणि लोक खरंच चांगले वागू लागतात. वाण्याच्या दुकानाला सुपरमार्केटची स्पर्धा आहे, त्याला गिऱ्हाईक तोडून चालणार नाही. शेजारणीला तळघरातली एमीची जागा सामान ठेवायला हवी आहे आणि ते सामान उचलायला अलीचे दंड हवे आहेत. ब्रुनोची बायको कामाला लागणार आहे, तेव्हा दुपारी मूल सांभाळायला आजी लागणार. तो फोडलेल्या टीव्हीचे पैसे भरून देतो. कामावरच्या बायकांना तर आणखीच निकड आहे, कारण तिथे योलांडा नावाची नवी बाई आली आहे, युगोस्लाव्हियातून, कमी पगारावर. मत कुणाचंच बदललेलं नाही. गरज बदलली आहे.

एमी हे सगळं आनंदाने स्वीकारते. जिन्यात जेवणाच्या सुट्टीत बायका पगारवाढीची मसलत करतात, योलांडाला सोडून. एमी त्यांच्यात आहे. कॅमेरा कठड्याच्या त्याच गजांमागे जातो आणि पायरीवर एकटी बसलेली योलांडा दिसते, जशी एमी दिसली होती तशीच. एमीला हे दिसत नाही. तो अनुभव तिने स्वतः भोगला आहे, तोही याच जिन्यात, पण भोगलेल्या गोष्टीने माणूस आपोआप कुणाच्या बाजूला जात नाही. आपल्याकडच्या पुष्कळ चित्रपटांनी आणि नाटकांनी सोसलेल्या माणसाला आपसूक सहृदय करून टाकलेलं आहे. फासबिंडर ती सवलत एमीला देत नाही, आणि तरीही तिच्यावरचं त्याचं प्रेम कमी झालेलं कुठे जाणवत नाही.

घरी बायका येतात. एमी अलीला त्यांच्यासमोर उभं करते, त्याच्या तब्येतीचं कौतुक करते, आणि बायका भोवती फिरून त्याचे दंड चाचपतात. किती घट्ट, कातडी किती मऊ. एमीच्या चेहऱ्यावर अभिमान आहे. पुन्हा दंड आणि पुन्हा त्यावरून फिरणारा हात, आणि याच घरात पहिल्या रात्री एका हाताने दुसऱ्या माणसाचा शोध घेतला होता. आता तीच क्रिया बाजारातली झाली आहे. बोटं लागताहेत, पण ती बघणाऱ्याची बोटं आहेत. अली काही बोलत नाही, बाहेर निघून जातो. एमी मैत्रिणींना सांगते की त्याचे असे झटके असतात, परदेशी स्वभाव आहे. शेजारणी जे बोलत त्यापेक्षा हे वाक्य मला जास्त लागलं. शेजारणी निदान त्याला ओळखत नव्हत्या.

त्याच्या आगेमागे कुसकुसची गोष्ट येते. अलीला आपल्या मुलखातलं कुसकुस खायची इच्छा झाली आहे. एमी म्हणते, मला येत नाही आणि मला ते आवडत नाही, इथल्या रीतीची सवय लाव आता. तिच्या बोलण्यात द्वेष नाही, घाईघाईने हाताळलेली रोजची बाब आहे, आणि म्हणून ती जिव्हारी लागते. घर सोडून दूर राहिलेल्या कुणालाही ठाऊक असतं की अशा वेळी भूक पोटाची नसते. अली बारची मालकीण बार्बाराकडे जातो. ती कुसकुस करून देते, आणि तो तिच्याकडे राहतो. तिथला प्रसंग विलक्षण थंड आहे. खोलीत नुसता उभा असलेला अली, मग तिच्याजवळ निपचित पडलेला अली. व्यभिचाराचा आवेग यात शोधूनही सापडत नाही. थकलेला माणूस कुठेतरी टेकला, एवढंच.

मग एमी गॅरेजात त्याला घरी बोलवायला येते. सहकारी विचारतात, ही तुझी मोरोक्कोची आजी का? अली त्यांच्याबरोबर हसतो. आता नजर त्याच्याकडे गेली आहे, तो पाहणाऱ्यांच्या रांगेत उभा आहे. दोघांनी एकमेकांना सारखंच दुखावलं. पत्त्यांवर पगार उधळून तो बारच्या स्वच्छतागृहात आरशासमोर उभा राहून स्वतःच्या थोबाडीत मारत राहतो. दुसऱ्या कुणाला लावता येत नाही तो हात त्याने स्वतःवर उगारला आहे.

एमी पुन्हा बारमध्ये येते, पहिल्या दिवसासारखंच पेय मागवते, तेच गाणं लावायला सांगते. दोघं पुन्हा नाचतात. आपण म्हातारी आहोत हे आपल्याला माहीत आहे, तू मोकळा आहेस, पण एकत्र असू तेव्हा एकमेकांशी चांगलं वागू या, असं ती म्हणते. अली म्हणतो, मला दुसरी कुणी नको. आणि बोलता बोलता पोट धरून खाली कोसळतो.

इस्पितळातला डॉक्टर (हार्क बोमने तो फार संयमाने केला आहे) सांगतो की जठरातला व्रण फुटला आहे. परदेशी कामगारांमध्ये हे नेहमी दिसतं, ताणामुळे. त्यांना विश्रांतीसाठी पाठवायची सोय नाही, शस्त्रक्रिया करायची, आणि सहा महिन्यांनी ते पुन्हा इथेच येतात. एमी म्हणते, मी काळजी घेतली तर नाही येणार. डॉक्टर तिला शुभेच्छा देतो, पण त्याचा विश्वास बसलेला नाही. एमी अलीचा हात हातात घेऊन रडते. फासबिंडरने १९७० च्या ‘द अमेरिकन सोल्जर’ या चित्रपटात हीच गोष्ट एका मोलकरणीच्या तोंडी सांगितली होती. तिथे एमीचा खून होतो आणि गळ्यावर अंगठीवरच्या अक्षराचा ठसा उमटलेला सापडतो. चार वर्षांनी त्याने तो खून काढून टाकला आणि व्रण आणला. बातमीत येणारी घटना गेली, कुणाच्या बातमीत न येणारी आली. या बदलासाठी मी त्याला मोठा कलावंत मानतो.

हा व्रण कल्पनेतला नाही. सप्टेंबर १९६४ मध्ये कोलोनच्या डॉइट्झ स्टेशनवर पोर्तुगालहून आलेल्या आर्मांडो रॉड्रिग्ज द सा या सुताराचं, दहा लाखावा पाहुणा कामगार म्हणून, फुलं आणि एक मोपेड देऊन स्वागत झालं होतं. कावराबावरा होऊन मोपेडवर बसलेल्या त्या माणसाचा फोटो जर्मनीत घरोघर माहीत आहे आणि ती मोपेड आज बॉनच्या इतिहास संग्रहालयात आहे. पुढे तो पोटाच्या कर्करोगाने आजारी पडला, साठवलेले पैसे उपचारात गेले आणि १९७९ मध्ये तो वारला. जर्मनीतल्या आरोग्यविम्यावर आपला हक्क आहे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

चित्रपटाबद्दल माझी एक तक्रार आहे आणि ती लपवावी असं वाटत नाही. अली न्हाणीघरात उघड्या अंगाने उभा असतो तो शॉट कॅमेरा जसा घेतो, त्यात आणि दंड चाचपणाऱ्या बायकांत मला फारसं अंतर दिसत नाही. एमीचं बालपण, वडील, नवरा, पक्ष, मुलं, सगळं आपल्याला कळतं. अली मोरोक्कोत काय सोडून आला हे ओझरतं कळतं. त्याची तुटक भाषा त्याच्या एकटेपणाची खूण आहे हे मान्य. पण त्याच्या मित्रांशी अरबीत तो काय बोलत असेल, त्या भाषेत तो विनोदी असेल का, चिडका असेल का, याची जिज्ञासा चित्रपटाने ठेवलेली नाही. सालेमच्या वाट्याला पडद्याबाहेरही फार सुख आलं नाही. फासबिंडरशी त्याचं नातं तुटलं, १९७७ मध्ये फ्रान्समधल्या तुरुंगात त्याचा मृत्यू झाला, आणि फासबिंडरला ते कळायला काही वर्षं गेली. १९८२ चा ‘क्वेरेल’ हा आपला अखेरचा चित्रपट त्याने सालेमशी असलेल्या मैत्रीला अर्पण केला, नाव पूर्ण लिहून. त्याच वर्षी जूनमध्ये, सदतिसाव्या वर्षी, तोही गेला.

अलीच्या बाजूने पाहणारा सिनेमा जर्मनीत हळूहळूच आला. तेवफिक बाशेरच्या ‘४० क्वाड्राटमीटर डॉइचलंड’ (१९८६) या चित्रपटात एका तुर्की कामगाराने आपल्या बायकोला हॅम्बुर्गच्या घरात कुलूपबंद करून ठेवलेलं असतं. तिला दिसणारी जर्मनी खिडकीएवढी आहे. फासबिंडर म्युनिकमध्ये हा चित्रपट करत होता त्याच्या जेमतेम काही दिवस आधी, ऑगस्ट १९७३ मध्ये, हॅम्बुर्गमध्ये एका तुर्की घरात फातिह आकिनचा जन्म झाला. त्याच्या ‘गेगेन दी वांड’ला २००४ मध्ये बर्लिन महोत्सवात सुवर्ण अस्वल मिळालं, आणि त्यातली माणसं ओरडतात, भांडतात, दोन भाषांत शिव्या देतात, कुणाच्या कौतुकासाठी थांबत नाहीत. फासबिंडरचा चित्रपट पाहून झाला की हे दोन्ही जरूर पाहावेत, आणि शक्यतो याच क्रमाने.